आबांच्या डोळ्यांची घंटा

पिंप्राळा, शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४

दिवेलागणीला घंटा परत वाजली. लकव्यानंतर माझ्या वडिलांचे, आबांचे, फक्त डोळे हलतात. म्हणून मी त्यांच्या कानशिलांवर तारा चिकटवून यंत्र जुळवलं. नजर उजवीकडे वळली की घंटा वाजते. आम्हाला हाक मारायला.

पण गेलो की काहीच नको असतं. "आबा, पाणी देऊ?" ते पापणीही मिटत नाहीत. बायको वैतागली, "उगाच वाजस ती. बिघडनं तुमनं यंत्र."

काल मीच त्यांच्या उशीवर डोकं ठेवून उजवीकडे पाहिलं. समोर हार घातलेला आईचा फोटो. म्हणजे इतके दिवस आम्हाला बोलावतच नव्हते? यंत्राची गफलत नको म्हणून आज सकाळी फोटो काढून कपाटात ठेवला. केवढा शहाणा मी!

दिवसभर घंटा गप्प. वाटलं, जमलं. आई देवापाशी दिवा लावायची त्या वेळेला वाजली. धावत गेलो. आबा भिंतीवरच्या नुसत्या खिळ्याकडे बघत होते.

फोटो लगेच परत टांगला. घंटा अजून वाजतेय. यंत्राचं बटण माझ्या हाताशी आहे, पण बंद करायला हात धजत नाही.