महिन्याचा प्लॅन का वर्षाचा

तर बाबा, वर्षाचा घेतला तं स्वस्त पडते, हे त्या ॲपवाल्यायचं म्हणणं आहे, माह्यं नाही. माह्यं अजून काहीच ठरलं नाही. सकाळपासून तेच पेज मोबाईलवर उघडून बसलो आहो: एक फुकटचा, एक महिन्याचा, एक वर्षाचा. वर्षाच्यावर त्यायनं हिरवी पट्टी लावली, 'सगळ्यात फायद्याचा'. अंगठा तिथपर्यंत नेतो अन् वापस आणतो. इहिरीच्या काठावर बसलो आहो. मोटर चालू आहे, पण आज पाण्याची बारी काकाची, म्हणजे माह्यं इथं काहीच काम नाही. घरी मात्र बसवत नाही. घरी आई आहे.

तुमाले पहिल्यापासून सांगा लागन. तुमी गेले तवा मी सातवीत होतो अन् तुमचा फोन बटनाचा होता. आता फोनात एक बोलणारं आलं आहे. माणूस नाही, मशीन. काहीही विचारा, उत्तर देते, अन् कितीकदा विचारलं तरी चिडत नाही. मले त्याचं लय वेड आहे, खोटं कायले बोलू. त्याच्याच भरोशावर कोडिंग शिकलो, इंटरव्ह्यूची तयारी केली अन् पुण्याच्या एका कंपनीत लागलो. संक्रांत झाली का जायाचं आहे. आईले सांगितलं तवा ती भाकर टाकत होती. "जा न बाप्पा," म्हणे, "मले कायले इचारतं? मी काय लेकरू आहो काय?" अन् भाकर परतली. मी खुश. मले तेवढंच आयकाचं होतं.

मंग मनात आलं, आपण चाललो तं आईच्या फोनात हे मशीन लावून देऊ. वावरातलं विचारन, औषध-गोळीचं विचारन, सोबत होईन. तिचं खातं उघडाले बसलो तं त्यानं पहिले नाव विचारलं, मंग जन्मतारीख. आई भडकली. "त्याले माह्या जन्माचं काय कराचं आहे? सोयरीक जोडते काय?" म्हणलं राहू दे, माह्यंच खातं तुह्या फोनात टाकतो, एका खात्यावर दोघं. आपल्या घरी त्यात नवीन काय आहे? इहीर काकासोबत सामाईक, फवारणीचा पंप सामाईक, पेपर तुमी न्हाव्याच्या दुकानातला वाचत. खातं चालू झालं अन् ते बोललं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" आईनं पदर सावरला. "लय शिकलेलं दिसते," म्हणे. "नव्या जवायासारखं बोलते." मी हासून हासून लोळलो. दोन-चार दिवसात ती त्याले बाप्पा म्हणाले लागली.

पण फुकटच्या प्लॅनमध्ये रोजचं बोलणं मोजून असते. फोन दोन असले तरी खातं एक, म्हणून मर्यादाही एकच. हे मले माहीत होतं. आईले नव्हतं.

परवा दुपारी मी बॅग घ्याले दारव्ह्याले निघालतो. जीपवाला सीटा भराची वाट पाहून राह्यला होता, भरता भरेना, शेवटी वापस आलो. दाराबाहेर चप्पल काढतो तं आतून आईचा आवाज. वाटलं काकू आली असन. डोकावून पाह्यलं तं आई एकटीच. तुरीच्या शेंगा सोलत बसलेली, अन् फोन परातीले टेकवून उभा केलेला.

"पोरगं पुण्याले चाललं," ती त्याले सांगून राह्यली होती. "मी हाव म्हनलं. नाही कशी म्हनू? त्याचं तोंड पाह्यलं असतं तं तुनंबी नाही म्हनलं नसतं. पन मले एक सांग बाप्पा. दिवा लावला, जेवाले बसलं, अन् समोर कोनीच नाही, तं मानूस किती जेवते? मी एकटी असली का चूलच पेटवत नाही. काल त्याले म्हनलं, मले भेव कायचं आहे. भेव लय आहे. हे त्याले नको सांगजो बरं."

फोन गप्प. तिनं वाट पाह्यली. मंग तो जवळ घेतला अन् एकेक अक्षर लावून वाचलं, "आजची... मर्यादा... संपली आहे." फोन खाली ठेवला. "घ्या," म्हणे, "याचंबी पानी संपलं."

मी मुद्दाम चप्पल वाजवली. "जीप नाही भरली काय रे?" आवाज एकदम रोजचा. "नाही." "मंग बस, शेंगा सोल." बसलो. एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. शेवटी म्हणलं, "आई, ते बंद पडलं ते माह्याच्यानं. सकाळपासून मीच वापरून राह्यलो होतो. तुह्यासाठी उरलंच नाही." तिनं माह्याकडे पाह्यलं. यानं आयकलं का नाही, तेवढंच पाहून राह्यली होती. "असू दे न," म्हणे. "तुही बारी होती. मले कायचं काम पडते? ह्या तुरीच्या सोल्याची भाजी कशी कराची, ते इचारत होती." सोल्याची भाजी, बाबा! आई विचारन, अन् तेही मशीनले! ज्या भाजीसाठी तुमी वावरातून धावत घरी येत!

बारी म्हणे. तवापासून हे एकच डोक्यात फिरून राह्यलं आहे. मी तिसरीत असन. थंडीचे दिवस, बारी आपली, अन् तुमी आपलं पाणी बंद करून काकाच्या वावराकडे वळवून राह्यले आहा. इंग्रजी शाळेतला मी, बोट उभं करून तुमच्यापुढं उभा: "बाबा, रूल म्हणजे रूल. आज फ्रायडे आहे. फ्रायडे आपला." तुमी फावडं तसंच धरून म्हणता, "तुले शाळेत फ्रायडे शिकवला, गहू नाही शिकवला काय? काकाचा गहू ओंबीवर आला, आता पाणी चुकलं तं दाणा नाही भरत. आपला मागून पेरलेला आहे, तो थांबते. चाल, पाण्याचा दांड फोड." अन् मलेच लावता त्याच्या दांडाले पाणी सोडाले. मी रडत रडत चिखलात उभा, अन् काका तिकून वरडते, "मास्तर, फ्रायडे झाला काय?" किती दिवस मले फ्रायडेच म्हणे तो. आजही मोटर चालू कराले आला तं म्हणे, "काय फ्रायडे, इथं कायले बसला?"

वर्षाचा घेतला तं आईचं अडणार नाही. मी किती बी वापरो, तिले पुरन. एकदा बटन दाबलं का मी सुटलो. हा 'सुटलो' मनात आला अन् मी उठलो, इहिरीभोवती चक्कर मारली, परत बसलो, परत उठलो. मंग तुमचा रिचार्ज आठवला. तुमी मोठा रिचार्ज कधी मारलाच नाही. दुकानदार म्हणे, "भाऊ, सालभराचा मारून टाका, फुरसत." तुमी म्हणत, "मंग तुह्या दुकानात कायले येऊ? तू मेला का जिता, कोन पाहीन?" अन् चहा पिऊनच येत. मी तुमच्या गाडीवर पुढं बसलेलो, मले घाई, अन् तुमाले काहीच घाई नाही.

महिन्याचा घेतला तं आईले सांगता येते का दर महिन्याले घरी येऊन भरा लागते. तसं नाही आहे, पुण्यात बसूनही भरता येते. पण आईले ते माहीत नाही, अन् मलेही माहीत नसल्यासारखं करता येते.

हे सगळं मी कुठं लिहून राह्यलो माहीत आहे काय? त्याच मशीनच्या चौकटीत, जिथं त्याले प्रश्न लिहितात. बाजूलेच पाठवाचा बाण आहे. दाबला का ते तुमच्या जागी बोलाले लागन, नव्या जवायासारखं गोड. म्हणून नाही दाबत. आईचं मी आयकलं, हे अजून तिले सांगितलं नाही. अन् अजून एक, फक्त तुमाले सांगतो: एवढं आयकूनही, पुण्याले नाही जात, असं माह्या मनात एकदाही नाही आलं. जायाचंच आहे मले, लय जायाचं आहे.

काकानं मोटर बंद केली. घरी आईनं चूल पेटवली असन, मी आहो म्हणून. तुमाले काय वाटते, बाबा? आपल्या घरात आता ओंबीवर कोन आहे, मी का आई?