आप्पांना हलवू नकोस

नायगाव,
१४ डिसेंबर

ती. संगमेशदादास,
शरणु शरणार्थी.

इकडं सगळे बरे. तुरीला शेंगा चांगल्या लागल्यात. वहिनींची पाठ आता कमी दुखत असेल.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शिवप्पामामांच्या हाती हे पत्र देते. मामा सांगत होते, सोमवारी तू अहमदपूरहून माणसं आणि गाडी घेऊन येणार, आप्पांना मातीतून काढून आपल्या समाजाच्या जागेत नेणार. त्याआधी त्या दिवशी काय झालं ते माझ्याकडून ऐक.

आप्पा इथं माझ्या घरी पहाटे गेले. माझे दीर सटवाजीभाऊजी लाकडं आणायला निघाले. मी म्हटलं, "आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात." या गावात लिंगायतांचं एकही घर नाही, मग जागा कुठली? भाऊजी तडकले, "वावरात मढं ठिवलं तर उद्या पेरायचं कुठं?" अंगण माणसांनी भरलेलं. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. शेवटी सासूबाई उठल्या. "माणूस आपल्या दारात गेलाय. त्याच्या रीतीनंच जाईल. माझ्या बांधापाशी खड्डा खंदा." मग तो भाऊजींनीच खंदला.

विधी करायला जंगमस्वामी आले नाहीत. दुपार टळेपर्यंत वाट पाहिली. मग मीच आप्पांना आंघोळ घातली, भस्म लावलं, मांडी घालून बसवलं. गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटत नव्हती, मी धरून राहिले. आपल्या रीतीत डोक्यावर स्वामींचा पाय लागतो. मी माझं कपाळ टेकवलं. 'ॐ नमः शिवाय' म्हणताना माझा आवाज फुटेना, तेव्हा सासूबाईंनी म्हटलं. मग सगळ्यांनीच.

परजातीत लग्न केलं म्हणून तू माझ्या गळ्यातलं लिंग काढून घेतलंस. "आता तू आमची न्हाईस," म्हणालास. आप्पा हवापालटाला माझ्याकडं आले, असं आपण सगळ्यांना सांगितलं. ते त्यासाठी आले नव्हते. दिवाळीनंतर एका सकाळी पूजेला त्यांनी मला समोर बसवलं आणि नवं लिंग माझ्या गळ्यात बांधलं. म्हणाले, "बसवण्णांनी कुणाला न्हाई म्हटलं नव्हतं. मी लोकांना भिलो, बाई. आता मला इथून हलवू नका."

एक गोष्ट लिहायची नव्हती. स्वामी त्या दिवशी निघाले होते. वाटेत त्यांना फोन गेला, 'त्या घरात पाऊल टाकू नका,' आणि ते माघारी फिरले. तिसऱ्या दिवशी येऊन समाधीपाशी ते रडले. फोन कुणाचा, तेही त्यांनी सांगितलं; ते नाव तुला ठाऊकच आहे. मी घरात कुणाला बोलले नाही. भाऊजींना कळलं तर बांधावर काय होईल, या विचारानं जेवण जात नाही.

दादा, तू ये. एकटा ये. भस्म लाव, जेवून जा. पण फावडी घेऊन आलास तर आधी मला उचलावं लागेल. सोमवारी मी तिथंच बसलेली असेन.

आप्पांची लेक, म्हणून तुझीही बहीण,
वर्षाराणी