तीन डबे आणि दोन पोळ्या

गुरुजी,

कंपनीचा भोंगा अजून माझ्या कानात आहे. दुपारी तो सुरू झाला की तुम्ही खडू हवेत धरून थांबायचात आणि आवाज विरल्यावर वाक्य सोडलं तिथूनच पुढे उचलायचात. सातवीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही म्हणत होतात, ‘ज्याची किंमत आपल्याला ठाऊक नाही, त्याला...’ आणि भोंगा झाला. तो संपल्यावर म्हणालात, ‘त्याला नाव द्यायचं. क्ष म्हणा.’ तो सगळा आठवडा तुम्ही एकही गणित घातलं नाहीत, नुसते शब्द दिलेत. चल, स्थिरपद, सहगुणक, राशी. कवितेच्या तासाखेरीज मला शाळेत काही गोड लागत नसे. मी ते शब्दही चालीत म्हणत पिंपरीच्या रस्त्याने घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर 3क्ष + 2 ची बेरीज 5क्ष लिहून मोकळा झालो.

तुम्ही पोरांचे तीन डबे मागून घेतलेत, टेबलावर मांडलेत आणि शेजारी आपल्या डब्यातल्या दोन पोळ्या ठेवल्यात. ‘हं, कवी! प्रत्येक डब्यात पोळ्या सारख्याच, पण किती ते ठाऊक नाही. या दोन सुट्या. पाच डबे कुठनं आणलेस?’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘गुरुजी, उघडून बघू की!’ ‘तुझा नको रे, तो मधल्या सुट्टीआधीच मोकळा असतो.’ वर्ग हसून हसून लोळला. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, ‘उघडता येत नाही तोवर असंच लिहायचं. तीन क्ष अधिक दोन. हेच उत्तर.’ पुढे तीस वर्षं मी कंपनीत, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये काढली, बीजगणित कधी लागलं नाही. हे एवढं मात्र जपून ठेवलं होतं.

आता मी रहाटणीत मुलाकडे असतो. नात यंदा सातवीत गेली, इंग्रजी शाळेत. शाळा सुरू होऊन चार दिवस झाले असतील, ती वही घेऊन माझ्या खोलीत आली. ‘आजोबा, व्हेरिएबल म्हणजे काय? उद्या टेस्ट आहे.’ मला काय झालं कुणास ठाऊक. मी स्वयंपाकघरातून स्टीलचे तीन डबे आणले, पोळ्या आणल्या, तुमच्याच आवाजात बोलू लागलो. ती दोनदा म्हणाली, ‘मला फक्त डेफिनिशन सांगा ना.’ मी म्हटलं, ‘आधी ऐक तरी.’ तासभर ऐकवलं. व्याख्या सांगितलीच नाही.

तिने पेपरात व्याख्येच्या जागी डबे लिहिले. त्यांच्या मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. आता स्कूलबसमध्ये तिला टिफिन म्हणतात. दारात उभी राहून तिने मला हे सांगितलं, रडली नाही. ‘तुमच्यामुळे,’ म्हणाली आणि गेली. आज आठ दिवस झाले, ती या खोलीत आलेली नाही. जेवताना मी पाणी मागितलं तरी आईकडे बघते. मुलगा चाकणहून पहिली शिफ्ट करून आला, बूट काढता काढता म्हणाला, ‘बाबा, तुम्ही आता आराम करा. तिला ट्यूशन लावतोय मी.’ सुनेने ते डबे घासून वरच्या फळीवर ठेवून दिले.

या घरात माझ्याकडे काही विचारायला येणारी ती एकटी होती, गुरुजी. ते दार मी माझ्या हाताने बंद केलं. आणि कशासाठी केलं, तेही खरं सांगतो. मी तिला शिकवत नव्हतो. तुमचा आवाज मला पुन्हा ऐकायचा होता. ती समोर होती म्हणून तिला बसवून ठेवली.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. दारात पाठीला सॅक लावलेली एक तरुण मुलगी उभी. ‘नमस्कार आजोबा, ट्यूशनसाठी आलेय. तुमच्या खोलीत टेबल आहे ना, तिथेच बसायचं ठरलंय.’ मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हा कागद उचलला, खुर्ची पुसून दिली. तिच्या मागून नात आली, माझ्याकडे न बघता बसली. ती मुलगी सहज म्हणाली, ‘तुम्हाला येतं का हो गणित? मध्येमध्ये तिचा सराव घ्याल?’

नातीने वहीतून मान वर केली नाही. मी म्हटलं, ‘नाही. मला नाही येत.’

आता स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून हे लिहितो आहे. खोलीचं दार त्यांनी आतून लोटून घेतलंय.