तारेचा सूर

९ जुलै

गांडूळ सापडलं! खाणीतून उपसलेल्या मुरमाच्या डोंगरावर, जिथे दोन वर्षांमागे कुसळ उगवत नव्हतं, तिथे जिवंत, वळवळणारं गांडूळ. मुकादमाने तळहातावर धरून आणलं. म्हणाला, "मालक, पाहुणे आले."

म्हटलं, पाहुणे नव्हेत रे, घरमालक आले. भाडेकरू आपण.

ताग पेरून गाडला, खाण खोदताना बाजूला काढलेली काळी माती वर पसरली, मग बाभळी. आणि उतारभर आडवे चर — पावसाचा थेंब खाली जाता कामा नये. खाणीच्या तरुण इंजिनिअरला ऐटीत सांगितलं, "पाण्याला घरजावई करून ठेवलंय. येतं, पण जायचं नाव घेत नाही." पोरगा पोट धरून हसला.

खरा जावई पायथ्याच्या नव्या घरांत राहतो. खाणीतली नोकरी मी लावून दिली, घरही मीच मागून घेतलं. धाकटी खूश आहे. हा डोंगर तपासणीत पास झाला की शेजारच्या दोन डोंगरांचं कंत्राटही मलाच. दुसऱ्यांचे खड्डे खणून सुरुवात केली होती. बरं चाललंय.

१२ जुलै

रोपांची ओळ सरळ लागावी म्हणून उतारावर तार ताणलेली आहे. एक खुंटी माथ्यावर, एक निम्म्या उतारावर. येता-जाता तार छेडायची ही माझी कुंपणं घालायच्या दिवसांतली खोड. आज सूर नेहमीपेक्षा चढा लागला. मुकादमाला विचारलं, पिळलीस का? "हात लावला असेल तर शपथ!"

सैल करून ठेवली.

१३ जुलै

दिवसभर पाऊस. चर तुडुंब. छान.

१६ जुलै

तार पुन्हा चढली. सैल केलेली तार!

मधल्या बाभळी माथ्याकडे रेलल्यात, जेवून लोडाला टेकावं तशा. आधाराच्या काठ्यांसकट. मुकादमाला झापलं — रोपं लावलीस की फेकलीस? तोही काही कमी नाही. "मी सरळच लावली होती, मालक. रात्री पिऊन आली असतील."

सगळे हसले. मीही हसलो. सगळी रोपं पुन्हा सरळ करून घेतली.

१७ जुलै

आज पुन्हा रेललेली.

इंजिनिअर म्हणाला, "काका, नवा भराव थोडा बसतोच. काळजी कसली करता?" बसतो, मान्य. पण बसणारा माणूस आपल्या जागी बसतो — पुढे सरकत नाही. हे बोललो नाही. दोन डोंगर डोळ्यांपुढे होते, खोटं कशाला लिहू.

घरी जेवताना हिला म्हटलं, तार गाते आहे. ही म्हणाली, "तुमच्या कानांना तार ऐकू येते, मी भात वाढू का विचारते ते नाही."

१९ जुलै

पायवाटेवर गांडुळंच गांडुळं. मातीतून वर आलेली, पाय ठेवायला जागा नाही. मुकादम आज हसत नव्हता. "मालक, घरमालकच घर सोडून चाललेत."

खालच्या खुंटीला कान लावला. आत पाणी वाहत होतं. खोल, सावकाश. माझं पाणी. घरजावई बसून बसून माजला, आता घर घेऊनच निघायच्या बेतात आहे.

तसाच इंजिनिअरकडे गेलो. पायथ्याची घरं रिकामी करा म्हटलं. तो थक्क! "काका, तारेच्या सुरावर मी घरं रिकामी करू? वर काय सांगू?"

धाकटीला फोन केला. "बाबा, तुम्हीच म्हणायचात, डोंगर म्हणजे उशाला लोड. आता काय झालं?" ऐकेना. शेवटी हिने फोन घेतला आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, बाबांना बरं नाही, दोघंही या. बाई माणूस बेमालूम खोटं बोलते!

दिवेलागणीला आली. मी पानावर बसलेलो. धाकटी कडाडली, "हा तुमचा आजार? दुसऱ्यांदा वाढून घेतोय!" जावई गालात हसला. हसा. इथे आहात ना, मग हसा.

२० जुलै

चर फोडले. स्वतःच्या हाताने, सगळे. पाणी तांबडं होऊन धावलं — काळी माती, ताग, कोवळी रोपं, सगळं घेऊन. मुकादम तोंड फिरवून उभा. म्हणाला, "लावायला दोन वर्षं अन् धुवायला एक दुपार."



२३ जुलै

पाऊस थांबला. तारेचा सूर उतरलाय! काल जरा, आज पुष्कळच. खर्जात गेलाय. पाणी निघालं, डोंगर शांत झाला. इंजिनिअरने पाठ थोपटली. "बघा काका, बसला की नाही? आता नवे चर जरा उतरते काढा." पोरगा तसा भला आहे.

घरी सांगितलं. धाकटीने कधीची पिशवी भरून ठेवलेली. "मग जाऊ का आता, आजारी माणूस?" तिचं वाळत घातलेलं धुणं तिकडे गच्चीवर भिजून गेलं, त्याचा हिशेब वाटभर ऐकवला. दोघांना पायथ्याशी त्यांच्या दारापर्यंत सोडलं. परत निघताना डोंगराकडे बघितलं. उघडाबोडका, पण उभा.

आज झोप लागेल.

२४ जुलै, सकाळ

तार गुंडाळायला माथ्यावर आलो. तार मातीत लोळते आहे, छेडायलाही उरली नाही. वरच्या खुंटीच्या मागे भेग. या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात कोपरापर्यंत आत जातो.

खालचं काही थांबलेलं नाही. वरची खुंटी त्याच्यामागे निघालीय, म्हणून सूर उतरला.

मुकादम ओरडत खाली पळालाय. माझे गुडघे पळू देत नाहीत, माथ्यावरच्या शेडमध्ये गाडीची वाट बघतोय. इंजिनिअरला फोनवर सांगितलं, खाणीचा भोंगा वाजव. धाकटी फोन उचलत नाही.

काल मीच सोडून आलो तिला.

कान लावून बसलोय. भोंगा अजून वाजत नाही.