तीन हिवाळ्यांचं सरपण

३ एप्रिल
शेवटची सिगरेट सकाळी सहाला, पायरीवर. उरलेलं पाकीट चुलीत. उद्या सिगमुंड इस्पितळातून घरी येतोय — फुप्फुसांची चाळण झालेली, नाकात नळी, सोबत ऑक्सिजनचं यंत्र. नर्सने बजावलंय, यंत्राजवळ एक ठिणगी पडली तर दोघंही जळून मराल. चाळीस वर्षं नवराबायकोने जोडीने ओढली. आता जोडीने बंद.

४ एप्रिल
आला. तो खोकला तरी थोबाडीत मारावीशी वाटते.

६ एप्रिल
सासूबाईंची बशी भिंतीवर फोडली. कारण? बटाटे गार होते. तेही मीच उकडलेले! मला माझीच भीती वाटली.

९ एप्रिल
उपाय सापडला — कुऱ्हाड! तल्लफ आली की अंगणात जायचं, बर्चचा ओंडका ठोकळ्यावर उभा करायचा आणि घालायचा घाव. ओंडक्यांना नावं देते. आज नर्स दोनदा मेली, कारखान्यातला मुकादम सहादा. सिगरेटचा शोध लावणारा दिवसभर मरत होता.

१७ एप्रिल
वसंतात इथे सगळेच लाकडं फोडतात, उन्हाळाभर सुकायला. पण एका हिवाळ्यापुरती. माझी रास खांद्याला आली. शेजारचा एगिल कुंपणाशी येऊन शिकवायला लागला. रास वाकडी आहे म्हणे, साल वरच्या बाजूला हवी, आपल्याकडे रास बघून माणूस ओळखतात. आणि हे सांगता सांगता मेल्याने सिगरेट पेटवली!
ओंडका फेकून मारला. नडगीवर बसला, रक्त आलं. “गुन्वर, तुला वेड लागलंय,” म्हणत लंगडत गेला.
त्याचा धूर मागे राहिला होता. मी उभी राहून तो हुंगला. लाज वाटते लिहायला.

२६ एप्रिल
सिगमुंड हल्ली नळी काढून थोडा वेळ बाहेर उन्हात बसतो. म्हणाला, तुझी कुऱ्हाड ऐकली की बरं वाटतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कष्टांचं कौतुक! रडले.

२ मे
नर्स येऊन गेली. त्याचे ऑक्सिजनचे आकडे घसरलेत, का ते तिला कळेना. संध्याकाळपर्यंत फोडत होते. तळहात सोलवटले. रास माझ्या डोक्याच्या वर गेली. तीन हिवाळे पुरेल.

९ मे
घाव घालताना पातं दांड्यातून निसटलं आणि राशीवरून पलीकडे गेलं. धावले. राशीमागे मासळीच्या पेटीवर सिगमुंड. पातं त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर रुतलेलं. आणि बोटांत सिगरेट! पाकीट एगिलने आणून दिलेलं.
“तुझी कुऱ्हाड वाजतेय तोवर तू येत नाहीस, ठाऊक होतं मला,” तो म्हणाला.
म्हणजे मी एक तल्लफ मारायची आणि त्याने तेवढ्यात एक ओढायची. आडोसाही मीच रचून दिलेला!
दोन थोबाडीत दिल्या. तो धापा टाकायला लागला. मग त्याला घट्ट धरून बसले. म्हटलं, मरायचंय का तुला? तो म्हणाला, नाही गं. एकट्याने जमत नाही.

१० मे
सकाळी लाथा मारमारून रास पाडली, सगळी. आता खिडकीतून थेट कुंपणापर्यंत दिसतं.
दुपारी सिगमुंडला पायरीवर बसवलं, हातात छोटी कुऱ्हाड दिली, पुढ्यात चुलीसाठी ढलप्या काढायला लाकूड. तल्लफ आली की फोड म्हटलं, दमलास तर दम खा, मग परत फोड. आवाज थांबला की मी आलेच.
आतून ऐकतेय. टक्. बराच वेळ काही नाही. दाराशी पोचले, तोच — टक्.