बिचाऱ्या कार्डाचा काय दोष

बो-श्यांग,

आईला डॉक्टरकडे नेतेय. रुसून गेलेली नाही, जेवायला येतेच.

नवं ग्राफिक्स कार्ड बिघडलेलं नाही! दुकानात परत द्यायचं म्हणून माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं, तर पंख्याला चिकटून खोबऱ्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून अख्खं तैपेई ते मशीनच्या वर ठेवतं. वर, अरे, आत कोंबून नाही! हवाच मिळेना, मग खेळ रंगात आला की कार्ड तापून बंद पडणारच.

पाकीट काढून तासभर खेळले. जुन्या कार्डावर शत्रू अडखळत यायचा आणि पंखा नुसता कोकलायचा. आता झाडाचं पानन् पान दिसतं, आणि आवाज म्हणशील तर फक्त शेजारणीचा.

आठवडाभर 'जुनंच बरं होतं, तुलाच हौस फार' म्हणून माझं डोकं खाल्लंस, आणि गुपचूप त्याच कार्डासाठी पाकीट ठेवलंस होय? इतकं हसले, की राग कुठल्या कुठे गेला.

जुनं कार्ड तुझ्या मशीनमध्ये बसवलंय. संध्याकाळी माझ्याशी खेळायला बस. तुझ्या मशीनलाही एक हिरवं पाकीट ठेवलंय. वर.

श्वे-रू