मामा, तुम्हाला तिसऱ्या कडव्यात मारलं त्याबद्दल

तीर्थस्वरूप मामा,

आधी खुर्चीत बसून घ्या, मग माझा नमस्कार घ्या. तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतोय? दरवेळी मी हे रीत म्हणून विचारते, आज मात्र मनापासून विचारतेय, कारण तुम्ही ठणठणीत असणं ही सध्या माझ्यापुढची सगळ्यात मोठी अडचण आहे. (फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही ओरडता. पत्रावर कितीही ओरडलात तरी मला ऐकू येत नाही.)

तर झालं असं. आमच्या संस्थेचा (जिथे मी पोटापाण्यासाठी गाणी लिहायला शिकवते, आणि जिचा विषय निघाला की ‘गाणी काय शिकवून येतात होय?’ म्हणून तुम्ही हसता) एका परदेशी संस्थेशी करार व्हायचाय. तो झाला की माझी पोरं तिकडच्या स्टुडिओत पगारी शिकाऊ म्हणून जाणार. पोरं म्हणजे कोण, तर दिवसभर दुकानांत उभी राहून संध्याकाळी सुजलेल्या पायांनी माझ्या वर्गात येणारी. त्यातल्या दोघांनी आत्तापासूनच जाड कोट घेऊन ठेवलेत आणि उकाड्यात ते घालून बसतात. करारासाठी अट एकच. दोन्ही संस्थांनी मिळून एक गाणं करायचं. तिकडून चाल लावणाऱ्या एक बाई, त्यांना आम्ही चालबाई म्हणतो, इकडून शब्दांना मी, आणि मध्ये व्हिडिओ कॉलचा भलामोठा पडदा. पडद्याच्या बाजूला एक दुभाषी बसतो, त्याचा चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा.

मामा, पहिल्याच दिवशी मला धक्क्यावर धक्के बसले. तिकडची मुलं बाईंना एकेरी हाक मारतात! एक मुलगा साफ बेसूर गायला तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून बघितलं, म्हटलं दुसरं कुणी आलं की काय. आमचे प्राचार्य, ज्यांनी माझ्या एकाही कार्यक्रमात खिशातून हात काढलेला नाही, तेही टाळ्या वाजवत होते! बरं, गाण्यातली ओळ न ओळ खरी हवी, घडलेलीच हवी, असा त्यांच्याकडचा दंडक. मी आपल्या चंद्रावर दोन ओळी दिल्या, तर बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही तिथे होतात का? अहो, आख्खी नोकरी मी चंद्रावर काढली, हा प्रश्न मला कुणी म्हणजे कुणी विचारला नव्हता.

मग मी तुम्हाला दिलं. दुसरं खरं असं माझ्याजवळ होतंच काय? सांगितलं, माझे मामा काच कापायचं काम करतात. मामीला आता अजिबात ऐकू येत नाही, तरी मामा दुकानातून आले की हातपाय धुऊन पेटी काढतात, मामी पेटीच्या अंगावर तळवा ठेवून बसते, आणि मामांच्या कापलेल्या बोटाला पट्टी असली की म्हणते, आज करंगळी कामावर आलेली दिसत नाही. दुभाष्याने हे सांगितलं. मग बाई नाक पुसायला लागल्या. दोन कडवी तिथल्या तिथे झाली, मामा, इतकी चांगली की मला माझाच राग आला.

पण त्या लोकांची चाल आधी तयार असते, शब्द मागून घालायचे. आणि तिसऱ्या कडव्याला ही चाल जी खाली उतरते, जी खाली उतरते, की तिथे कुणाला तरी जावंच लागतं. बाईंनी डोळे मिटूनच विचारलं, आणि मग काय झालं? वर्ग माझ्याकडे बघतोय, कोटवाले बघताहेत, प्राचार्य बघताहेत. मग काय झालं? काहीच झालं नाही! मामा जेवले आणि झोपले! पण हे त्या चालीत बसेना. वेळ मारून न्यायची ती मी तुम्हालाच मारून मोकळी झाले. म्हटलं, मग एके दिवशी मामा गेले.

हे माझ्या तोंडून गेलं. हुंदका आला तो मात्र खरा होता, शपथेवर सांगते. वर्ग रडला, प्राचार्य रडले, दुभाष्याची दाढ थांबली. गाणं तिकडच्या एका स्पर्धेत पहिलं आलं. आणि काल कळलं, की चालबाई सह्या करायला स्वतः इकडे आल्या आहेत, आणि सही करण्याआधी त्यांना माझ्या विधवा मामीला भेटायचंय. ओळ खोटी निघाली तर करार रद्द, आणि ती पोरं कोट घालून कुठे जाणार?

बाकी सर्व ठीक. मामीला नमस्कार.

तुमची लाडकी (अजून आहे ना?)
बडबडी

ता. क. आता कामाचं. एका संध्याकाळपुरते तुम्ही स्वतःचे धाकटे भाऊ व्हा. चेहऱ्याचं साम्य आपोआप जमेल. फक्त त्या बाईंसमोर पेटीला हात लावू नका, धाकट्या भावाला वाजवता येत नाही.

ता. क. हे पत्र तुमच्या हातात दिलं त्याच चालबाई. किंचाळू नका. त्यांना मराठी वाचता येत नाही, हे सांत्वनाचं पत्र आहे असं त्यांना वाटतंय, तेव्हा निदान हसू तरी नका. मी सोबत आले असते, पण मला खोटं बोलता येत नाही. (पुन्हा हसलात.)

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मामीचा मेसेज आला. तिला मी काल सगळं लिहून कळवलं होतं. ती म्हणते, ‘त्यांना भाऊ कर नाहीतर काका कर, माझी संध्याकाळची पेटी चुकायची नाही. ती नसली तर दिवस संपला हे मला कळायचं कसं? आणि त्या बाईला म्हणावं, मेलेला माणूस इतकं बेसूर वाजवत नाही.’

मामा, तिसरं कडवं हे होतं, आणि मी तुम्हाला उगाच मारलं! तेव्हा वरचं सगळं खोडलं असं समजा. कराराचं मी निस्तरते, कोटवाल्यांना तोंडही मीच देईन. तुम्ही बाईंना आत घ्या, मामीशेजारी बसवा आणि रोजच्यासारखं वाजवा. आणि करंगळीला पट्टी असली तर ती काढू नका.